चर्चेतला तिसरा वाचक

मराठीत साहित्यचर्चा कमी झाली आहे असे आज कोणी म्हटले, तर ऐकणारा प्रथम हसेल. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील मराठीच्या कोणत्याही प्राध्यापकाचा मोबाइल उघडून पाहावा. विभागाचा एक व्हॉट्सॲप गट, विद्यापीठातील विषयशिक्षकांचा दुसरा, जिल्ह्यातल्या कवींचे दोन-तीन, माजी विद्यार्थ्यांचे चार-पाच. दिवसाकाठी शे-दीडशे संदेश सहज येऊन पडतात. कविता येतात, पुस्तक प्रकाशनाची छायाचित्रे येतात, चर्चासत्रांची निमंत्रणे येतात, आणि त्या प्रत्येकावर जोडलेल्या हातांची व पुष्पगुच्छांची रांग लागते. एवढे सगळे चालू असताना चर्चा ओसरली असे कशाच्या बळावर म्हणायचे?

आमचे म्हणणे असे, की संदेश वाढले आणि चर्चा ओसरली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. किती जण बोलले यावरून चर्चेचे मोजमाप होत नाही. एकाने काही मांडले, दुसऱ्याने ते नीट वाचून त्याला उत्तर दिले, आणि हे दोन्ही त्या वेळी तेथे हजर नसलेल्या एखाद्या तिसऱ्या माणसाला पुढे केव्हातरी वाचता आले, तर त्याला चर्चा म्हणावे. पहिले दोघे आपापल्या मतांना बांधलेले असतात आणि पुष्कळदा तसेच राहतात. चर्चेचा खरा लाभ या तिसऱ्याला होतो. तो बोलत नाही, त्याचे नाव कोठे येत नाही, पण दोन बाजू शेजारी ठेवून वाचण्याची सोय त्याला मिळते. साहित्याचा विद्यार्थी बहुतेक वेळा हा तिसरा वाचकच असतो. या लेखापुरती आमची चिंता त्याच्याविषयी आहे.

छापील नियतकालिकांच्या काळात हा वाचक गावोगाव होता. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून जातो. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. अशा गावच्या वाचकाला गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या बैठकीत बसायला मिळत नसे, पण टपालाने येणाऱ्या अंकात त्याला जागा होती. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर दुर्बोधतेचा, अश्लीलतेचा, नव्या सौंदर्यविचाराचा जो वाद मराठीत पेटला, तो नियतकालिकांतून गावोगाव पोचला. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत 'सत्यकथा', 'आलोचना', 'युगवाणी', 'अस्मितादर्श' यांचे जे बांधीव खंड आढळतात, ते या तिसऱ्या वाचकासाठीच जणू जपले गेले. ज्यांनी ते लेख लिहिले त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. वाद मात्र अजून वाचता येतात.

मेहकरात वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण येथे आठवते. कोणत्याही मोठ्या शहरात बिऱ्हाड न हलवता त्यांनी आयुष्यभर कविता लिहिली. 'शीळ' हा संग्रह १९५४ साली आला आणि 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. मेहकर मराठी कवितेच्या नकाशावर येऊ शकले, कारण नकाशा काढणाऱ्यांत आणि मेहकरात छापील मजकुराची ये-जा होती. कोपऱ्यात राहणाऱ्या लेखकाला आणि वाचकाला केंद्राच्या कृपेपेक्षा अशा ये-जा करण्याच्या वाटेची गरज अधिक असते.

या वाटेवर कसलेही अडथळे नव्हते असे नाही. संपादकाच्या टेबलावरून काय पुढे जावे, हे थोड्या माणसांच्या हातात होते. या मक्तेदारीविरुद्ध लघुनियतकालिकांच्या तरुणांनी १९६९ साली 'सत्यकथे'ची जाहीर होळी केली. तो संताप अकारण नव्हता. परंतु होळी करणाऱ्यांनी त्याबरोबर लिहिलेही, स्वतःची अनियतकालिके काढली, आपली बाजू मांडली. म्हणून आजचा विद्यार्थी 'सत्यकथे'ची बाजूही वाचू शकतो आणि तिला आग लावणाऱ्यांचीही. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली. पुढे काही नियतकालिकांनी ती धुरा नेटाने वाहिली. धुळ्यासारख्या गावातून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५पासून केवळ कवितेला वाहिलेले 'कवितारती' काढले. तरी एका अंकातील लेखाला पुढच्या अंकात उत्तर, त्याला पुन्हा प्रत्युत्तर, ही चाल हळूहळू मंदावत गेली. लेख येत राहिले, उत्तरे येईनाशी झाली. आजच्या अवस्थेचे पहिले चिन्ह तेच होते असे आम्हांस वाटते.

त्यानंतर आंतरजाल आले आणि काही वर्षे असे भासले, की बुजलेली वाट पुन्हा मोकळी झाली. 'मायबोली' १९९६ साली सुरू झाली, 'मनोगत' २००४ साली, 'उपक्रम' आणि 'मिसळपाव' २००७ साली, 'ऐसी अक्षरे' २०११ साली. मराठी विभागांतील अनेकांनी या घडामोडीची त्या वेळी दखलही घेतली नाही. लिहिणाऱ्यांत बहुसंख्य अभियंते, संगणक-व्यावसायिक, परदेशस्थ, गृहिणी. मराठीची पदवी असणारे त्यांत थोडेच. पण त्यांनी जे केले ते थोडे नव्हते. 'बरहा', 'गमभन' यांसारख्या साधनांनी देवनागरी टंकणे सोपे झाले. 'मनोगता'ने शुद्धलेखन तपासण्याची सोय दिली. 'उपक्रमा'ने ललित लेखन बाजूला ठेवून माहितीपर आणि वैचारिक लेखनाचा आग्रह धरला. 'संकेतस्थळ', 'दुवा', 'धागा', 'प्रतिसाद' हे शब्द तेथे रोजच्या वापरात आले आणि रुळले.

या स्थळांवरची चर्चा कशी चाले हे ज्यांनी पाहिले नाही, त्यांच्यासाठी एक नमुना कल्पून सांगतो. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ सालचा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. देशमुख आमच्याच जिल्ह्यातील अमडापूरचे. समजा, पुण्याच्या एका वाचकाने विचारले, की वऱ्हाडी लेखनात भेटणारा 'डवरा' म्हणजे काय? यवतमाळचा कोणी सांगे, की उभ्या पिकाच्या दोन ओळींतली माती हलवायचे, तण काढायचे ते अवजार. सातारचा म्हणे, आमच्याकडे हे कोळपे. तिसरा विचारी, मग 'वखर' वेगळे कसे? चौथा सांगे, की वखर पेरणीपूर्वी चालतो, डवरा पेरणीनंतर. तेवढ्यात अमेरिकेतील कोणी मोल्सवर्थचा कोश उघडून शब्दाची नोंद डकवी, आणि सहावा त्या नोंदीवरच आक्षेप घेई. दोन दिवसांत पंधरा-वीस प्रतिसाद होत. त्यांतले पाच निव्वळ थट्टेचे, तीन भांडणाचे, आणि उरलेले असे, की एखादा कोशकार ते आनंदाने टिपून घेईल. पाच वर्षांनी जळगाव जामोदची एखादी विद्यार्थिनी गूगलवर 'डवरा' शोधी आणि हे सारे तिच्यापुढे उलगडे. तिने कोणाला प्रश्न विचारला नव्हता, तिची कोणाशी ओळख नव्हती. ती तिसरी वाचक होती.

२०१० साली भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' आली, तेव्हा छापील परीक्षणांच्या जोडीने या स्थळांवरही तिची चर्चा झाली. तेथील सर्व प्रतिसाद मर्मग्राही होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु कादंबरी पूर्ण वाचून कंटाळलेला माणूस आपला कंटाळा कारणांसह लिहितो आणि दुसरा त्या कारणांची तपासणी करतो, हा प्रकार वर्गात घडवून आणायला किती सायास पडतात हे शिक्षकाला विचारावे. तेथे तो आपसूक घडत होता.

मग ओहोटी लागली. 'मायबोली', 'मिसळपाव', 'ऐसी अक्षरे' आजही चालू आहेत, त्यांवर अधूनमधून चांगले लेखन येते, आणि ती चालवणाऱ्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. तरीही २००८-१२ या काळातली वर्दळ तेथे राहिलेली नाही हे जुने सदस्यच सांगतात. याचे कारण विचारले की 'फेसबुक आले' असे उत्तर मिळते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. ओहोटीचा क्रम पाहिला तर आधी दर्जा उतरतो आणि संख्या नंतर. ज्याचे उत्तर वाचण्यासाठी इतर लोक येत, तो सदस्य सर्वांत आधी थकतो. पुस्तक काढून संदर्भ पाहणे, अर्धा तास बसून टंकणे, मग त्यावर दहा जणांची टवाळी सोसणे, हे काम विनामोबदला कोण किती वर्षे करील? तो गेला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणाला काही जाणवत नाही. प्रतिसादांची संख्या तेवढीच राहते, किंबहुना थट्टा वाढून ती काही काळ फुगतेही. पण प्रश्न विचारणाऱ्याला हळूहळू कळते, की येथे उत्तर देणारे राहिले नाहीत. प्रश्न थांबतात, आणि मग संख्याही कोसळते.

याला कंपूबाजीने हातभार लावला. टोपणनावाआडून भांडणे, नव्या सदस्याच्या शुद्धलेखनाची टिंगल, संपादक मंडळावर पक्षपाताचे आरोप, त्यातून फुटून निघालेले गट आणि नवे संकेतस्थळ, हा इतिहास मराठी माणसाला नवा नाही. आपल्या साहित्यसंस्थांचा इतिहास याहून फार निराळा नाही. ग्रामीण, दलित आणि आदिवासी लेखनाच्या परिसरातून आलेले लोक तेथे मुळातच थोडे होते. जे आले त्यांना 'तुमची भाषा प्रमाण नाही' हे ऐकावे लागले. वऱ्हाडी बोली तेथे विनोदासाठी चाले, विचारासाठी लिहिलेली क्वचितच दिसे. या स्थळांचे सुवर्णयुग म्हणून उदात्तीकरण करण्याची आमची मुळीच इच्छा नाही.

उलट व्हॉट्सॲपने जे दिले त्याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. ज्याने संगणक कधी हाताळला नव्हता, तो शेतकरी कवी, ती अंगणवाडीसेविका, तो जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक मराठीत लिहू लागला. बोलून लिहिण्याची सोय झाल्यावर टंकण्याचा अडसरही उरला नाही. संकेतस्थळांच्या दाराशी जे थबकले होते, ते या दारातून आत आले. लोकशाहीच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे आणि तो उणा लेखणारी कोणतीही हळहळ आम्हांस मान्य नाही.

प्रश्न आहे तो आत आल्यावर काय होते याचा. व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा २०१६ साली २५६ सदस्यांची होती, २०२२ साली ती १०२४ झाली. म्हणजे एका गटात एखाद्या लहान गावातल्या मतदारांएवढी माणसे बसतात. पण या गटाला बाहेरून खिडकी नाही. तेथे झालेली चर्चा कोणत्याही शोधयंत्राला सापडत नाही. उद्या सामील होणाऱ्याला कालचे बोलणे सहसा दिसत नाही. मोबाइल बदलला, साठा भरला, की वर्षाचे संभाषण पुसले जाते. समजा, अशा एखाद्या गटात बोलीभाषेवर किंवा एखाद्या अभंगाच्या पाठभेदावर चार दिवस उत्तम वाद झाला. पाचव्या दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली तो गाडला जातो. येथे पहिला आणि दुसरा असतो, तिसरा नसतो. आणि तिसरा नाही हे ठाऊक असल्यामुळे पहिला-दुसराही सैल बोलतात. छापून येणार, कोणी पुढे तपासणार, या जाणिवेने वाक्याला जो पीळ बसतो तो बसत नाही. दर्जा उतरतो तो माणसे अडाणी झाल्यामुळे नव्हे. ज्याच्यासाठी काळजीपूर्वक लिहायचे तोच समोरून नाहीसा झाला आहे.

येथे कोणी म्हणेल, की विद्यापीठीय चर्चासत्रे आणि संशोधनपत्रिका तर आहेत. त्यांचा हेतूच तिसरा वाचक आहे. हेतू तसाच आहे, हे खरे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या विनियमांनी शिक्षकाच्या कामाला गुणांकन जोडले, आणि निबंध हा वाचण्याचा विषय न राहता मोजण्याचा विषय झाला. शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचे पीक आले. मे २०१८मध्ये आयोगाला स्वतःच्या यादीतून ४३०५ पत्रिका वगळाव्या लागल्या. पुढे 'केअर' यादी आली, आणि २०२५ साली तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवण्यात आली. या सर्व उलाढालीत एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही: छापलेल्या निबंधाला उत्तर कोणी दिले? एका दिवसाच्या चर्चासत्रात चाळीस निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटे, प्रश्नोत्तरांचा वेळ भोजनाने खाल्लेला, आणि सायंकाळी प्रमाणपत्रवाटप, हे दृश्य आपल्यापैकी कोणाला अपरिचित आहे? त्या निबंधांचा ग्रंथ निघतो, त्याला क्रमांक मिळतो, आणि त्यातील दोन निबंध एकमेकांच्या विरुद्ध निष्कर्ष काढत असले तरी ते शेजारच्या पानांवर शांतपणे नांदतात. चर्चासत्र या शब्दातून चर्चा गेली आणि सत्र उरले.

आता या चित्रात आणखी एक गोष्ट आली आहे. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि प्रश्न विचारायला माणसाची गरजच उरली नाही असे पुष्कळांना वाटू लागले. याचा परिणाम कसा होतो हे पाहायचे तर मराठीबाहेरचे एक उदाहरण बोलके आहे. संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांचे 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे प्रश्नोत्तरांचे स्थळ २००८ साली सुरू झाले. भरभराटीच्या काळात तेथे महिन्याला लाखाहून अधिक नवे प्रश्न येत. २०२५च्या अखेरीस ती संख्या काही हजारांवर आली. ओहोटी यंत्रामुळेच सुरू झाली असेही नाही. नवख्यांशी तुसडेपणाने वागणे, 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे' म्हणून दार लावून घेणे, या सवयींनी तिला आधीच आरंभ झाला होता. यंत्राने ती वेगाने पुरी केली. आणि गंमत अशी, की ही यंत्रे जे शिकली, त्यात माणसांनी एकमेकांना अशा उघड्या जागी दिलेल्या उत्तरांचा वाटा मोठा आहे.

मराठीच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर आहे. इंग्रजीत माणसांची जुनी उत्तरे डोंगराएवढी साचली आहेत. नवी थांबली तरी काही काळ तो साठा पुरेल. मराठीत आंतरजालावरचा साठा मुळातच तुटपुंजा, त्यातही समीक्षेचा आणि बोलींचा तर ओंजळभर. आमचे विद्यार्थी आता यंत्राला विचारतात, की 'बारोमास'मधील अमुक शब्दाचा अर्थ काय. यंत्र कधी बरोबर सांगते, कधी तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे. चूक झाली तर ती दुरुस्त करायला यवतमाळचा कोणी तेथे बसलेला नसतो, 'आमच्याकडे याला कोळपे म्हणतात' असे सातारचा कोणी सांगत नाही. प्रश्न एकट्याने विचारलेला, उत्तर एकट्याला मिळालेले. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थिनीला त्यातले काहीच दिसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आनंद आम्हांसही आहे. पण भाषेचे अभिजातपण तिच्या जुन्या ग्रंथांवर जसे ठरते, तसे तिचे जिवंतपण आज तिच्यात कोण कोणाला उत्तर देते यावर ठरते.

उघड्या जागांचे आणखी एक दुबळेपण सांगितले पाहिजे. त्या बहुधा एखाद्या व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या मर्जीवर उभ्या असतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सवरचा साठा २०१९च्या डिसेंबरात काढून टाकण्यात आला. त्या काळात मराठी माणसांनी तेथे जे लिहिले, त्याचे बांधीव खंड कोणत्याही ग्रंथालयात नाहीत. मराठी संकेतस्थळे तर एक-दोन माणसांच्या खिशातून आणि फावल्या वेळातून चालत आली आहेत. त्या माणसाने उद्या हात टेकले तर वीस वर्षांचे लेखन एका रात्रीत दिसेनासे होऊ शकते. 'सत्यकथा' बंद पडली तरी तिचे अंक कपाटात राहिले. येथे दुकान बंद होते तेव्हा कपाटही जाते.

मग करायचे काय? जुनी वर्दळ परत आणणे कोणाच्या हाती नाही, आणि परत आणावी अशी ती सर्वस्वी निर्दोषही नव्हती. मराठीच्या अध्यापकांनी आपापल्या महाविद्यालयात करता येतील अशा काही लहान गोष्टी मात्र आम्हांस सुचतात.

पहिली गोष्ट चर्चासत्राची. चाळीस निबंधांऐवजी चार निबंध घ्यावेत, ते महिनाभर आधी मागवावेत, आणि प्रत्येकाला एका वाचकाने लिहून उत्तर द्यावे. ग्रंथ काढायचा तर निबंध आणि उत्तर शेजारी छापावे. संख्या घटेल, गुणांकनाची थोडी अडचण होईल, पण ते चर्चासत्र या नावाला पात्र ठरेल. अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतील मराठी विभागांनी वर्षाला एक असे सत्र घेतले, तरी पाच वर्षांत शंभर निबंध आणि शंभर उत्तरे जमतील. एवढी उत्तरे आज आपल्यापाशी नाहीत.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲप गटांची. ते बंद करण्याची गरज नाही. गटात खरोखर वाद झाला, काही नवे निघाले, तर एका विद्यार्थ्याने संबंधितांची संमती घेऊन त्याचा दोन पानी वृत्तान्त करावा आणि तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर उघडा ठेवावा. कोण काय म्हणाले, त्याला कोणी काय उत्तर दिले, काय अनिर्णित राहिले, एवढेच त्यात असावे. दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडणे ही समीक्षेची पहिली पायरी आहे. आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ती स्वतंत्रपणे कोठेच शिकवली जात नाही.

तिसरी गोष्ट बोलीची. वऱ्हाडीचे शब्द गोळा करणारे उत्साही लोक पुष्कळ आहेत, पण त्यांच्या याद्या बहुधा एकेकट्याच्या असतात. आपल्या विद्यार्थ्यांनी गावातून शब्द आणावा, त्याच्यासोबत वाक्य आणावे, आणि घाटाखालच्या विद्यार्थ्याने घाटावरच्याची नोंद तपासावी. मेहकरकडचा अर्थ आणि मलकापूरकडचा अर्थ निराळा निघाला तर दोन्ही ठेवावेत, आणि वादही ठेवावा. मतभेद पुसून केलेला कोश लवकर तयार होतो, पण तो पुढच्या अभ्यासकाला विचार करण्यास फारसे काही देत नाही. यंत्राकडून मिळालेले उत्तरही येथे आणून ठेवता येईल. त्याची शहानिशा कोणी केली, गावातल्या कोणत्या जाणत्या माणसाने ते खोडले, याची नोंद त्याखाली असावी.

चौथी गोष्ट जपणुकीची. चालू किंवा मंदावलेल्या मराठी संकेतस्थळांच्या चालकांशी बोलून, लेखकांचे हक्क सांभाळून, त्या लेखनाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवण्याचे काम कोणीतरी हाती घेतले पाहिजे. जुन्या मासिकांचे खंड बांधून घेणारे ग्रंथपाल आपल्याकडे होऊन गेले. तेच काम आता निराळ्या साधनांनी करायचे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी सामान्य शिकलेला मराठी माणूस कसा वाद घालत होता, हे उद्याच्या संशोधकाला कळायचे तर या स्थळांखेरीज दुसरे साधन फारसे नाही.

यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि दुसऱ्याचे लिहिलेले शेवटपर्यंत वाचण्याची तयारी. ती तयारी आपल्यापैकी किती जणांत उरली आहे याविषयी मतभेद होऊ शकतात. या लेखातील विधानांशीही ज्यांचा मतभेद असेल, विशेषतः व्हॉट्सॲप गटांतील चर्चेविषयी ज्यांचा अनुभव आमच्याहून वेगळा असेल, त्यांनी तो कृपया लिहून कळवावा, आणि कोणालाही वाचता येईल अशा जागी लिहावा.